मदत हवी आहे: कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना सेल कल्चर शिकवतेय, पण शनिवार-रविवारी पेशींकडे बघायचं कुणी?

नमस्कार मंडळी,

मी कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या ईस्ट बे भागात एका कम्युनिटी कॉलेजमधे अर्धवेळ शिकवते. मूळची कोल्हापूरची, एमएस्सी मायक्रो पण तिथलंच. इथे आल्यावर काही वर्षं कंपनीत सेल कल्चर, म्हणजे लॅबमधे पेशी वाढवायचं काम केलं आणि आता दीड वर्षापासून बायोटेकच्या सर्टिफिकेट कोर्सला शिकवतेय. जुन्या धाग्यांवरून दिसतंय की फार्मा आणि जीएमपीवाले (औषध बनवण्याच्या दर्जाच्या नियमांत काम करणारे) इथे बरेच आहेत, म्हणून विचारतेय. थोडं लांबणार आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचे कोर्स, प्रवेश सगळ्यांना खुला, आणि राज्यात राहणाऱ्यांना एका युनिटला ४६ डॉलर फी. त्यामुळे माझ्या वर्गात १९ वर्षांची पोरं आहेत तशा चाळिशीतल्या आयाही आहेत. एक जण रात्रभर गोदामात खोकी उचलून सकाळी आठला लॅबला हजर असतो, आणि पिपेट धरताना त्याचा हात सगळ्यांत स्थिर. ही मुलं मला फार जवळची वाटतात. त्यांच्यासाठी इथे खरोखर काम आहे, ते त्यांना मिळायला हवं.

काम आहे म्हणजे काय, तर २०१७ मधे अमेरिकेत पहिल्या कार-टी थेरपीला मंजुरी मिळाली, म्हणजे पेशंटच्याच रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं, वाढवायच्या आणि परत त्यालाच द्यायच्या. हे औषध रोज हाताने बनवणाऱ्याला पीएचडी लागत नाही, हात आणि शिस्त लागते. राज्यानेही पैसा घातलाय, २००४ साली मतदारांनी स्टेम सेल (ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी बनतात त्या मूळ पेशी) संशोधनासाठी ३ अब्ज डॉलरचे रोखे मंजूर केले, २०२० मधे परत साडेपाच अब्ज, आणि त्यातूनच ब्रिजेस नावाचा कार्यक्रम चालतो ज्यात कॉलेजच्या मुलांना खऱ्या लॅबमधे पगारी इंटर्नशिप मिळते. मिराकोस्टा आणि सोलानो ही दोन कम्युनिटी कॉलेजं तर बायोमॅन्युफॅक्चरिंगची चार वर्षांची डिग्री देतात. म्हणजे वाट आहे, मला माझ्या वर्गाला त्या वाटेपर्यंत न्यायचंय.

आता अडचण. आमची लॅब मंगळवार आणि गुरुवार. पेशींना वार कळत नाहीत. आमच्या हेक पेशी (माणसाच्या मूत्रपिंडापासून आलेल्या, लॅबमधे वाढवतात त्या) साधारण दिवसाला दुप्पट होतात, गुरुवारी फ्लास्क लावले की मंगळवारी उघडेपर्यंत मिडियम, म्हणजे पेशींचं पातळ खाद्य, पिवळंधमक, पेशी सुटून तरंगायला लागलेल्या. आतापर्यंत शनिवारी मी स्वतः जाऊन मिडियम बदलत होते, पण मग मुलं शिकली काय? गेल्या महिन्यात मला जाता आलं नाही, आणि मंगळवारी २२ पैकी १३ फ्लास्क गढूळ निघाले, म्हणजे आत जंतू शिरले होते. एक मुलगी रडायलाच लागली, तिला वाटलं तिच्या हातून झालं. मला सांगता येईना की तिच्या हातून झालं, इन्क्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेमुळे झालं की मिडियमची बाटलीच खराब होती, कारण कुणी कुठली बाटली कधी उघडली याची एकाही वहीत नोंद नव्हती. ते मला जास्त लागलं.

तर विचारायचंय ते असं, की आठवड्यातून दोनच दिवस येणाऱ्या मुलांना पेशी सांभाळायला कसं शिकवायचं, नोंदी ठेवायची सवय अंगात कशी मुरवायची, आणि कॉलेजला कोर्सच्या नावात स्टेम सेल हवंय पण आयपीएस पेशींना (साध्या पेशींपासून लॅबमधे बनवलेल्या स्टेम सेल) जवळपास रोज खाऊ घालावं लागतं नि त्यांचं मिडियमही महाग, तर त्या वाटेला जावं का? जे भरती करतात त्यांनी सांगा, नव्या टेक्निशियनमधे तुम्ही काय बघता?

---

सातारकर_सॅन_दिएगो

ताई, मी सेल थेरपी मॅन्युफॅक्चरिंगमधे आहे, मुलाखती घेतो, म्हणून सांगतो. आयपीएसचा हट्ट सध्या सोडा. मुलाला किती प्रकारच्या पेशी येतात हे मी विचारत नाही, शेवटची चूक कधी झाली आणि तेव्हा कुणाला सांगितलंस हे विचारतो. आमच्याकडे पेशींची एक बॅग म्हणजे एक माणूस असतो, ती वाया गेली तर दुसरी कपाटातून काढता येत नाही, पेशंट तिकडे हॉस्पिटलात वाट बघत असतो. चूक लपवणारा माणूस आम्हाला परवडत नाही. ती रडणारी मुलगी मला चालेल.

हातासाठी मिडिया फिल करून घ्या. आमच्याकडे ऑपरेटरला पेशींना हात लावायच्या आधी हेच पास व्हावं लागतं. पेशी नाहीत, नुसता ट्रिप्टिक सॉय ब्रॉथ (जंतू शिरले तर त्यात वाढतात असं द्रव), सगळ्या स्टेप खऱ्यासारख्या करायच्या आणि १४ दिवस ठेवायचं. गढूळ झालं तर कुठेतरी हात चुकला. स्वस्त आहे, वीकेंडला कुणी यायला नको, आणि कुणाचं काय चुकलं ते ज्याचं त्याला कळतं. आणि मिडियममधे पेन-स्ट्रेप (पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन) घालत असाल तर बंद करा. अँटिबायोटिकने ढिसाळ हात झाकला जातो, वर मायकोप्लाझ्मा नावाच्या बारीक जिवाणूला सेल वॉलच नसते, त्याला पेनिसिलिन काही करत नाही आणि तो साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतही नाही.

---

मुक्ता_मॅडिसन

वीकेंडचा प्रश्न आमच्याकडेही होता. दोन उपाय. एक, गुरुवारी पेशी मोजून खूप कमी टाका, वेगवेगळ्या घनतेचे तीन फ्लास्क लावा आणि मंगळवारी कुठला किती भरलेला असेल ते मुलांनाच आधी लिहून ठेवायला सांगा. मोजणी आणि डब्लिंग टाइम (पेशी दुप्पट व्हायला लागणारा वेळ) दोन्ही डोक्यात बसतात. दोन, कीटकांच्या एसएफ-९ पेशी बघा, २७ डिग्रीला वाढतात, सीओटू लागत नाही, कॉलेजच्या बजेटला बऱ्या.

स्टेम सेलचं म्हणाल तर आमच्या मॅडिसनमधे १९९८ साली माणसाच्या एम्ब्रियॉनिक (भ्रूणातल्या) स्टेम सेल पहिल्यांदा वेगळ्या केल्या गेल्या, त्यामुळे इथल्या टेक्निकल कॉलेजात तो कोर्स रुजला. पण तो नुसत्या नावावर चालत नाही, रोज येणारी माणसं लागतात. तुमच्याकडे आज ती नाहीत तर वर्षभर थांबा.

---

रानवारा

जरा अवांतर होईल. मी नवी मुंबईत आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी थेरपीला ऑक्टोबर २०२३ मधे मंजुरी मिळाली, तेव्हापासून आमच्याकडेही अशा हातांची गरज वाढणार हे दिसतंय. पण इथे बीएस्सी बायोटेक झालेल्या कितीतरी मुलांनी सेल कल्चर वर्गात फळ्यावरच पाहिलेलं असतं. ताई, तुमचं प्रॅक्टिकल बसलं की इथे टाका, आम्ही वापरू.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचलं. सातारकर, तुमचा प्रतिसाद मी आज वर्गात इंग्रजीत करून वाचून दाखवला, एक बॅग म्हणजे एक माणूस या वाक्याला वर्ग एकदम गप्प झाला. ती मुलगी लॅब संपल्यावर थांबली आणि म्हणाली की तिने बाटलीचं झाकण टेबलावर उलटं ठेवलं होतं एकदा, तिला आठवत होतं पण सांगायची भीती वाटली. आम्ही ते तारखेसकट लिहून काढलं.

तर आता असं ठरवलंय. पहिले चार आठवडे फक्त ब्रॉथ, पास होईल त्यालाच पेशी. पेन-स्ट्रेप बंद. मुक्ताताईंचे तीन फ्लास्क दर गुरुवारी. आणि वर्गाचे दोन गट करून मंगळवारचा गट गुरुवारच्या गटाला फ्लास्क सोपवणार, तोंडी नाही, लेखी, शिफ्ट बदलते तसं. बाटलीचा लॉट नंबर, उघडल्याची तारीख, कुणी किती मिडियम घातलं, चुकलं तर एकच रेघ मारून सही आणि तारीख, व्हाइटनर नाही. आयपीएसचं पुढच्या वर्षी बघू, कॉलेजला तसं कळवते.

एकच राहिलं. कोरा बॅच रेकॉर्ड (एका बॅचच्या प्रत्येक स्टेपची नोंद करायचा तक्ता) कसा आखावा यावर कुणी मार्गदर्शन कराल का? तुमच्या कंपनीचा नको, तो गोपनीय असणार हे मला कळतं, फक्त कुठले रकाने आणि दुसऱ्याची तपासणीची सही कुठे कुठे लागते तेवढं हवंय. पुढच्या मंगळवारच्या आधी मिळालं तर याच बॅचला वापरता येईल.