एकाच माळावरील दोन गवतांचा पाचोळा इतक्या वेगळ्या गतीने का कुजतो?

प्रश्न: बारामती तालुक्यातील आमच्या मुरमाड माळावर कुसळी आहे आणि पायथ्याला, ओघळीच्या काठच्या काळ्या गाळात मारवेल. मारवेलाची वाळकी पाती श्रावण संपेपर्यंत मातीत मिसळून जातात. कुसळीची मात्र वर्ष उलटले तरी करडी, ताठ तशीच राहतात. हा फरक जातीचा, जमिनीचा की पाण्याचा? माळावर युरिया टाकल्यास पाचोळ्याची प्रत, म्हणजे त्याची कुजण्याची सुलभता, सुधारेल का?

उत्तर १: हिरव्या पानावरून पाचोळ्याची प्रत ठरवता येत नाही. पान पिवळे पडू लागले की बहुवर्षायू गवत त्यातील नत्र आणि स्फुरद, बहुधा निम्म्याच्या आसपास, बुडख्यात व मुळांत परत ओढून घेते आणि हलक्या जमिनीत ही काटकसर सहसा अधिक कडक असते. बी झडल्यावर कापलेल्या वाळक्या गवतात प्रथिने ३ टक्के धरली, तर प्रथिनांवरून नत्र काढण्याच्या ठरलेल्या ६.२५ या गुणकाने भागून नत्र ०.४८ टक्के येते. कर्ब सुमारे ४५ टक्के असल्याने कर्ब-नत्र गुणोत्तर ९० च्या पुढे जाते. जिवाणूंना ते २५-३० च्या आसपास लागते, त्यामुळे कमी पडणारे नत्र ते मातीतून उचलतात आणि मुरमात ते मुळातच तुटपुंजे असते, म्हणून कुजणे रखडते.

उत्तर २: वरील विवेचन योग्य आहे, परंतु पाण्याचा परिणाम इतका सरळ नाही. परतीचा पाऊस दगा देऊन पाती एकाएकी करपली, तर नत्र परत ओढण्याचे काम अर्धवट राहते आणि दुष्काळी वर्षाचा पाचोळा उलट नत्राने बरा निघू शकतो. याउलट हलक्या जमिनीवर पाऊस भरपूर झाला, की तेवढेच नत्र जास्त वाढीत विभागले जाते, काड्या वाढतात आणि प्रत घसरते. शिवाय मुळांनी शोषलेल्या पाण्याबरोबर सिलिकाही (वाळूतले कठीण खनिज) पानात येऊन साचते, म्हणून पात्यांच्या ताठपणाचे सगळे खापर लिग्निनवर (पात्याला कडकपणा देणाऱ्या, कुजायला चिवट घटकावर) फोडू नये.

युरियाबाबत माझे मत प्रतिकूल आहे. नत्राने सुरुवातीचे कुजणे वेग घेते, पण लिग्निन उरल्यावरच्या टप्प्यात तेच नत्र अनेकदा अडथळा ठरते. शिवाय माळावरील गवतांचा मेळ बिघडतो, हे नुकसान मला अधिक मोठे वाटते.

उत्तर ३: पाचोळ्याची प्रत आणि तो पडतो त्या जागेची ओल, यांची येथे गल्लत होत आहे. नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांत दोन्ही पाचोळे सारख्या वजनाने भरून दोन्ही जागी ठेवावेत. ओघळीकाठी कुसळीही झपाट्याने कुजली, तर फरक मुख्यतः ओलीचा. तेथेही ती मागे राहिली, तर पात्याच्या घडणीचा.

प्रश्नकर्ता: पाती केव्हा गोळा करावीत?

उत्तर ३: पूर्ण वाळल्यावर, पण अवकाळी पाऊस पडण्याआधी. मेलेल्या पानातील पालाश पहिल्याच सरीत बराचसा धुऊन जातो.