खरीप कांदा: मोहोळ भागात उतारा वाढवायला कोणती जात घ्यावी?

सीनाकाठ
नमस्कार मंडळी. मोहोळ तालुक्यात सीनेकाठी शेत आहे. जमीन काळी, भारी, ठिबक आहे. दरवर्षी दोन एकर हळवा (खरिपाचा) कांदा पेरून करतो. उतारा एकरी ६०-६५ क्विंटलवर अडलाय. त्यातही चिंगळी (अगदी बारीक कांदा) आणि जोड कांदा बराच निघतो, आणि सप्टेंबरच्या पावसात पिळा (पात पिळवटणारा रोग) पडतो तो वेगळाच. आजवर बी दुकानात मिळेल ते घेतलं. यंदा सुधारित जात करायची ठरवलंय. कोणी भीमा सुपर सांगतं, कोणी बसवंत ७८०, कोणी फुले समर्थ. माल सोलापूर मार्केटलाच जातो. काय घ्यावं, बी कुठून आणावं, आणि उतारा खरंच वाढतो का?

ठिबकवाला माढा
दादा, तिन्ही जाती खरिपाच्याच आहेत, त्यामुळे यातली कुठलीही घेतली तरी हंगाम चुकणार नाही. बसवंत ७८० आणि फुले समर्थ राहुरी विद्यापीठाच्या, भीमा सुपर राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची. समर्थ लवकर निघते, लागणीपासून ८५-९० दिवसांत. भीमा सुपरला १०० ते १०५ दिवस लागतात, पण तिच्यात जोड कांदा कमी निघतो. तुमची तक्रार जोडाचीच आहे, म्हणून मी भीमा सुपर म्हणेन. संचालनालय तिचं खरिपातलं उत्पादन हेक्टरी २० ते २२ टन सांगतं, म्हणजे एकरी ८० ते ८८ क्विंटल.

पण नुसतं बी बदलून ६५ चे ८५ होणार नाहीत. येत्या हंगामात एक काम करा. एक मीटर बाय एक मीटरचा काठ्यांचा चौकोन करा, पिकात चार-पाच ठिकाणी टाका आणि आतली झाडं मोजा. पेरलेल्या कांद्यात कुठं दाट झुपका, कुठं मोकळी जागा असं असतं. सरासरी २५ झाडं भरली तर एकरात एक लाख झाडं झाली. कांदा ६० ग्रॅमचा धरला तर ६० क्विंटल. तुमचा उतारा तिथंच अडलाय. चौकोनात ३७ झाडं भरली तर एकरी दीड लाख, आणि त्याच ६० ग्रॅमनं ९० क्विंटल. चिंगळी आणि वेडावाकडा मालही दाट झुपक्यांतूनच जास्त येतो.

म्हणून पेरणी सोडा, रोपं टाकून लागण करा. एकराला दोन गुंठे रोपवाटिका आणि तीन-साडेतीन किलो बी पुरतं. जूनच्या मध्याला गादीवाफ्यावर बी टाका, ३५-४० दिवसांचं रोप लावा. शेतातही बेडच करा: माथा १२० सेंटिमीटर, उंची १५, मध्ये ४५ सेंटिमीटरची सरी. बेडवर ठिबकच्या दोन नळ्या, लागण १५ बाय १० सेंटिमीटरवर. तुमच्या काळ्या रानात ही सरी फार मोलाची, कारण पिळा पडतो तो साचलेल्या पाण्यानं आणि आठ-आठ दिवस टिकणाऱ्या ढगाळ हवेनं. पाणी सरीतून निघून गेलं की अर्धी लढाई जिंकली. लावताना रोपांची मुळं कार्बेन्डाझिमच्या पाण्यात (लिटरला १ ग्रॅम) बुडवून घ्या. पात मेणचट असते, म्हणून फवारणीत स्टिकर (औषध पातीला चिकटवणारं द्रव्य) हवाच.

आणि युरिया! खरिपाच्या कांद्याला नत्र पहिल्या दीड महिन्यात संपवा. उशिरा युरिया टाकला की पात हिरवीगार दिसते, पण मान जाड होते आणि कांदा पोसत नाही. त्यापेक्षा लागणीआधी एकरी १२-१५ किलो गंधक द्या.

बीजवाली बार्शी
बियाण्याबद्दल सांगते, कारण फसगत तिथंच होते. कांद्याचं बी वर्षभरच चालतं, पुढं उगवण झपाट्यानं पडते. पाकिटावरची चाचणीची तारीख आणि लॉट नंबर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि पावती व रिकामं पाकीट पीक निघेपर्यंत जपा. भीमाच्या जाती थेट राजगुरुनगरहून मिळतात. बसवंत आणि समर्थसाठी राहुरी विद्यापीठ. आपल्या जिल्ह्यात खेड आणि मोहोळ इथं कृषी विज्ञान केंद्रं आहेत, तिथंही विचारा. पण बी मर्यादित असतं, मे महिन्यातच नोंद करा.

बी घरी आलं की शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा. आठ-दहा दिवसांत ७० तरी उगवले पाहिजेत, प्रमाणित बियाण्याची किमान अट तेवढी आहे. कमी आले तर रोपवाटिकेत टाकू नका, पाकीट घेऊन परत जा.

या जाती संकरित नाहीत, त्यामुळे पुढं घरचं बी धरता येतं. पण आसपास किमान एक किलोमीटरवर दुसऱ्या जातीचा गोट (बियाण्यासाठी लावलेला कांदा) नको. मधमाशी बांध पाळत नाही!

अडतीवरून
मी यार्डात काम करतो, भावाचं बोलतो. सोलापूरचा लाल कांदा हैदराबाद, बंगळूर, चेन्नईकडं जातो. तिकडच्या व्यापाऱ्याला गडद रंग, मध्यम ते मोठा गोल कांदा आणि वाळलेली मान हवी असते. ओल्या मानेचा माल पिशवीतच पाणी सोडतो आणि लिलावात मागं पडतो. डिसेंबर-जानेवारीत एकेका दिवशी शेकड्यांनी गाड्या लागतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या हाती ५१२ किलो कांद्याचे २ रुपये पडले. किलोला १ रुपया भाव, आणि बाकी सगळं गाडीभाडं, हमाली, तोलाईत गेलं. अशा भावात एकरी शंभर क्विंटल काढूनही पदरात काही पडत नाही. म्हणून सगळं रान एकाच तारखेला लावू नका. पंधरा दिवसांच्या फरकानं दोन टप्पे करा.

सीनाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. झाडं मोजायचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. दादा, दोन एकरांऐवजी एकच एकर खरीप आणि एक एकर उन्हाळी (रब्बी) केला तर? कांदा साठवायला चाळ बांधायचा विचार आहे.

ठिबकवाला माढा
उत्तम विचार. उन्हाळीला भीमा शक्ती किंवा भीमा किरण, नाहीतर आपला जुना गरवा एन-२-४-१. या रब्बी जातीच चाळीत टिकतात, शक्ती आणि किरण पाच-सहा महिने. खरिपाचा कांदा चाळीत ठेवू नका, तो काढून विकायचाच माल आहे. उन्हाळी कांद्याची निम्मी पात पडली की काढा, त्याआधी १०-१५ दिवस पाणी तोडा. पातीसकट तीन दिवस रानात वाळवा, मग दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून कापा आणि सावलीत दहा-बारा दिवस सुकवा. चाळीला खालून हवा हवी, तळ जमिनीपासून दोन फूट वर. थर पाच फुटांच्या वर नको, खालचा कांदा दबून सडतो. एकपाखी (एकाच ओळीची) चाळ दक्षिणोत्तर बांधा. अनुदानाची योजना आहे, पण बांधकामाआधी कृषी कार्यालयात पूर्वसंमती घ्या.

सीनाकाठ
खरिपाचे बेड तसेच ठेवून त्यावरच डिसेंबरात उन्हाळी लावला तर चालेल का? मशागतीचा खर्च वाचेल.

ठिबकवाला माढा
नको. कांद्यावर कांदा घेतला की करप्याचे आणि मरीचे जंतू त्याच मातीत तयार मिळतात, फुलकिडेही हटत नाहीत. त्या बेडवर हरभरा टोका, बेड मोडायची गरज नाही. उन्हाळी कांद्याला दुसरं रान धरा, जिथं खरिपात उडीद किंवा सोयाबीन होतं.