कार्ल्याच्या बुद्धमूर्ती मूळच्या की नंतरच्या?

पेठकर:
नववीच्या मुलांना घेऊन पुण्याहून भाजे-कार्ले एका दिवसात करायचं आहे. धर्म बदलला की शिल्प कसं बदलतं, हे त्यांना प्रत्यक्ष दगडात दाखवायचं आहे. भाज्याच्या चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या पूजेच्या सभागृहात, बुद्धमूर्ती नाही, कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवर मात्र आहेत. दोन्ही लेणी बौद्धच, मग हा फरक का? आणि मुलांना तो नेमका कुठे दिसेल?

लेणीवाचक:
भाज्याचं चैत्यगृह इ.स.पू. दुसऱ्या शतकातलं, कार्ल्याचं साधारण इ.स. पहिल्या शतकातलं. दोन्ही कोरली तेव्हा पूजा स्तूपाची होती. कार्ल्याच्या मूर्ती त्यानंतर चार-पाच शतकांनी, मूर्तिपूजा मानणाऱ्या महायान या बौद्ध पंथाच्या काळात त्याच भिंतीवर कोरल्या गेल्या.

ओसरीत उभं राहून आधी स्त्री-पुरुषांच्या मोठ्या जोड्या बघा. त्या मूळच्या. मग दारांमधल्या बुद्धाच्या चौकटी बघा. खाली वेदिकेची, म्हणजे दगडी कठड्याची नक्षी सलग धावते आणि चौकटीपाशी मध्येच तुटते. कातळात भर घालता येत नाही. जुनं काढून नवं करायचं तर आतच शिरावं लागतं, त्यामुळे नंतरचं काम मागच्या पातळीवर जातं. विजेरी समोरून मारू नका, भिंतीलगत तिरकी धरा. पातळीतला फरक सावलीतून लगेच कळतो. भिंतीला हात मात्र कुणी लावायचा नाही.

टाकीचे घाव:
वरच्या उत्तरात एक भर. 'आधी मूर्तीला बंदी होती' असं मुलांना सरसकट सांगू नका. पाली विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, तसा स्पष्ट नियम नाही आणि अभ्यासकांमध्ये यावर मतभेद आहेत. स्तूप, बोधिवृक्ष, चक्र, पावलं यांतून बुद्ध सुचवला जाई, एवढं सांगितलं तरी पुरे. आणि भाज्यालाच दक्षिणेकडच्या विहारात, म्हणजे भिक्षूंच्या निवासाच्या लेण्यात, रथातली आणि हत्तीवरची आकृती आहे. त्यांना बहुतेक जण सूर्य आणि इंद्र म्हणतात, काहींना ते मान्य नाही. वैदिक देव बौद्ध विहारात आले असतील, तर 'एक धर्म, एक शैली' हे गणित तिथेच मोडतं.

भाज्याचे खांब आत झुकलेले आहेत, तेही चुकवू नका. लाकडी सभागृहात छताचा भार खांबांना बाहेर रेटतो, म्हणून ते आत कलते रोवत. अखंड कातळात त्याची काहीच गरज नाही, तरी कल तसाच ठेवला. कार्ल्याला खांब सरळ झाले, पण छताला लाकडी फासळ्या आहेतच, आणि त्यातल्या बऱ्याचशा मूळच्या. पूजेची जागा कशी दिसावी याची सवय गरजेपेक्षा जास्त टिकते.

पेठकर:
कार्ल्याच्या खांबांवरचे लेख मुलांना कसे समजावू? वेळ कोणती धरू?

लेणीवाचक:
खांब 37. दोन्ही बाजूंना 15-15, तळाला घट आणि माथ्यावर प्राण्यांवर बसलेल्या जोड्या असलेले. स्तूपामागचे 7 साधे अष्टकोनी, त्यांना घटही नाही आणि शिल्पही नाही. मुलांना आधी मोजू द्या, फरक त्यांनाच सापडेल.

लेख ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत आहेत. अनेक खांबांवर दात्याचं नाव आहे आणि त्यात धेनुकाकट नावाच्या गावचे यवन, म्हणजे ग्रीक म्हणवले जाणारे परदेशी, हेही आहेत. संपूर्ण चैत्य एका राजाने बांधवला असं नाही, एकेक खांब हे एकेकाचं पुण्य. वैजयंतीचा भूतपाल शेठ तर आपल्या लेखात याला जंबुद्वीपातलं, म्हणजे भारतातलं, उत्तम शैलगृह (कातळात कोरलेलं घर) म्हणतो.

दोन्ही चैत्यगृहांची तोंडं पश्चिमेला आहेत. लोकलने मळवलीला उतरून सकाळी भाजे करा आणि कार्ल्याला दुपारी तीननंतर पोहोचा, तेव्हा उजेड आत स्तूपाकडे जातो. रविवारी एकवीरेच्या दर्शनाची गर्दी फार असते, शनिवार जमला तर बघा. ते देऊळ चैत्याच्या अगदी दारात आहे. समोर सिंहस्तंभ एकच उरला आहे आणि दुसरा देवळाच्या जागी होता असं मानतात. तिथेही मुलांना दोन मिनिटं थांबवा. आत स्तूप, भिंतीवर बुद्ध, बाहेर कोळ्यांची कुलदेवता, हे तिन्ही एकाच जागेवरून दिसतं.