प्रतिसाद: २.० नंतर हॅकिंग खरंच मेलंय का?
वर कोणीतरी म्हटलंय की सायबरपंक २०७७ या व्हिडिओ गेमच्या २.० पॅचने (मोठ्या अपडेटने) त्यातलं हॅकिंग मारलं, म्हणजे निकामी केलं, मला नाही पटत. आधी एका कॅमेऱ्यात शिरायचं, पिंग (जोडलेले शत्रू दाखवणारा हॅक) मारायचं आणि बसल्या जागी अख्खा अड्डा साफ, लपायची गरजच नव्हती ना! सप्टेंबर २०२३ च्या त्या अपडेटनंतर लपून क्विकहॅक (दुरून शत्रूवर टाकायचा हॅक) टाकला की शत्रू ट्रेस, म्हणजे आपली जागा शोधणं, सुरू करतात, त्यामुळे जागा बदलत राहावं लागतं, मेमरी वाइपसारखा, शत्रूला आपल्याला विसरायला लावणारा हॅक आता खरा कामाला येतो. आणि ओव्हरक्लॉक या खास क्षमतेत रॅम (हॅक टाकायला लागणारे गुण) संपली तर त्याऐवजी हेल्थ जाते, म्हणजे जोखीम आपण स्वतः उचलायची, हे मला फार आवडलं. फक्त जुन्या सेव्हमधले बिल्ड (पात्राची कौशल्यांची जुळणी) मोडले, पर्क्स (निवडलेली कौशल्यं) सगळे नव्याने लावत बसावं लागलं, तो राग मात्र रास्त आहे.