सल्ला हवा: तबला, यंत्रमाग आणि नृत्य. पदव्युत्तर शिक्षण कुठे घ्यावं?

मागाची_लय:
नमस्कार मंडळी. मी इचलकरंजीची, वय २६. बी.कॉम. झालंय, तबल्यात विशारद आहे. चार वर्षं शिकवण्या घेते आणि कथकच्या वर्गांना साथ करते.

आमच्या काकांचा यंत्रमागाचा कारखाना आहे. लहानपणापासून त्या खडखडाटातच रियाज केलाय. एकच माग चालू असला की लय सरळ असते, त्यावर त्रिताल सहज बसतो. पण शेजारी शेजारी चार माग चालू झाले की प्रत्येकाचा वेग केसभर वेगळा पडतो. धोट्यांचे ठोके एकमेकांपासून सरकत जातात आणि मग एखाद्या क्षणी चारही एकत्र पडतात. मला ती सम वाटते. मागच्या वर्षी ते आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून त्यावर वीस मिनिटांचं वादन बांधलं, मैत्रिणीनं त्यावर नृत्य बसवलं. प्रयोगाला काका आले होते, शेवटपर्यंत बसले.

आता हे नीट शिकायचंय. एका ठिकाणी एम.ए. संगीतसाठी मुलाखत दिली, तर "तबला वाजवणार की हे आवाज?" असं विचारलं आणि विषय तिथेच संपला. मला दोन्ही करायचंय. असं कुठे शिकवतात? घरून पाच-सहा लाख मिळतील, त्यापुढे शिष्यवृत्तीच.

रंगपट:
पुण्याचं ललित कला केंद्र बघितलंत का? विद्यापीठाच्या आवारात १९८७ पासून संगीत, नृत्य आणि नाट्य एकाच छताखाली आहे. एम.ए. मात्र एकाच विषयात करावं लागतं, त्यामुळे कागदावर तुमचं काम 'तबला' एवढंच राहील. पण संध्याकाळी नाटकाच्या तालमीला वादक लागतो, नृत्याच्या मुलींना नवं संगीत हवं असतं, आणि खरी देवाणघेवाण तिथे होते. बडोद्यालाही संगीत, नृत्य, नाट्य एकाच विद्याशाखेत आहे. खर्चाच्या मानाने ही दोन्ही ठिकाणं आधी बघा.

डेन_हागकर:
तुमची पोस्ट दोनदा वाचली. ते चार मागांचं सरकणं हाच तुमचा अभ्यासविषय आहे, हे आधी कागदावर लिहून ठेवा. कोर्सचं नाव बघून कॉलेज निवडू नका. तुमच्या शेजारच्या बाकावर कोण बसणार आहे ते बघा, कारण अशा कामात निम्मं शिक्षण तिथून येतं.

मी नेदरलँड्समधल्या हेगला राहतो म्हणून इथलं सांगतो. इथल्या रॉयल कंझर्व्हेटरी या संगीत महाविद्यालयात सोनॉलॉजी नावाचा विभाग आहे. मूळचा उट्रेख्ट या शहरातला, १९८६ मध्ये हेगला आला. आवाज ध्वनिमुद्रित करणं, त्याची चिरफाड करणं, प्रोग्रॅम लिहून त्यापासून संगीत रचणं हे तिथलं रोजचं काम. तुमच्या मागाच्या आवाजाला तिथे कुणी 'हे संगीत आहे का?' म्हणून अडवणार नाही. दोन वर्षांचं मास्टर्स आहे, शिवाय एक वर्षाचा स्वतंत्र कोर्सही आहे. संगीताची पदवी नसताना थेट मास्टर्सला जाणं जड जातं, त्यामुळे तुमच्यासारख्यांनी एक वर्षाच्या कोर्सचा विचार आधी करावा. दुसरा पर्याय आर्टसायन्स नावाच्या विभागाचा. तो कंझर्व्हेटरी आणि तिथली चित्रकला अकादमी मिळून चालवतात. ध्वनी, प्रकाश, यंत्रं, शरीर अशा सगळ्यातून काम करणारी मंडळी एका वर्गात असतात. २०२१ पासून कंझर्व्हेटरी 'आमारे' नावाच्या नव्या इमारतीत आहे, आणि नेदरलँड्स डान्स थिएटर ही नृत्यसंस्थाही त्याच इमारतीत. तुमच्या मैत्रिणीला हे जरूर सांगा.

जर्मन शिकायची तयारी असेल तर जर्मनीतल्या गीसेन विद्यापीठाचं उपयोजित नाट्यशास्त्र बघाच. हाइनर ग्योबल्स हे मुळात संगीतकार, पण १९९९ ते २०१८ तिथे नाटकाचे प्राध्यापक होते. आवाज, प्रकाश, शब्द, नट यांतलं कुणीच दुसऱ्याच्या सेवेत नाही, या विचारावर त्यांचं काम उभं आहे. तुमच्या वादनात आणि मैत्रिणीच्या नृत्यात साथीदार कोण, हा प्रश्न कधी पडला असेल तर तिथे त्यावर वर्षानुवर्षं काम झालंय.

आणखी एक, आयर्लंडमधल्या लिमरिक विद्यापीठाची आयरिश वर्ल्ड अकॅडमी. संगीत आणि नृत्य शेजारी शेजारी, लोकपरंपरेला मान. तबल्याकडे तिथे कुतूहलानं नाही, बरोबरीनं बघतील असं मला वाटतं.

हिशेबनीस:
पैशांचं थोडक्यात. जर्मनीत बहुतेक सरकारी संस्थांत शिकवणी फी नाही, पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो पडतात. गीसेन हेसेन राज्यात येतं, त्यामुळे तिथे ती फी नाही. मात्र व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो 'ब्लॉक्ड' खात्यात (ज्यातून महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते) दाखवावे लागतात, म्हणजे तुमची सगळी रक्कम तिथेच जाते आणि वर कमी पडते. डाड (DAAD) या जर्मन शिष्यवृत्ती संस्थेच्या संगीत आणि रंगमंचासाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. ब्रिटनसाठी तिथल्या सरकारची शेव्हनिंग शिष्यवृत्ती: २८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, नंतर दोन वर्षं भारतात राहावं लागतं. शिकवण्यांच्या आणि कार्यक्रमांच्या तासांची वही आजपासून ठेवा. जे. एन. टाटा एंडोमेंट देतं ते कर्जरूपानं असतं, हे घरी आधीच सांगा.

पखवाजी_आजोबा:
बाळ, माझं मत थोडं वेगळं आहे. बाहेर जायच्या आधी एकदा अहमदाबादचा इतिहास वाच. १९६९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर (विजेवर आवाज तयार करणारं वाद्य) आणून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा केला. तिथे काम केलेल्यांमध्ये गीता साराभाई होत्या. त्या पखवाज वाजवायच्या! १९४६ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन संगीतकार जॉन केज यांना त्यांनी भारतीय संगीत शिकवलं आणि त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकल्या. त्या गेल्या तेव्हा हातात देण्यासारखं काहीतरी होतं, म्हणून देवाणघेवाण झाली. तुझा हात किती तयार आहे ते तुझे गुरुजी सांगतील. एक वर्ष पुण्यात काढ, मग जा.

डेन_हागकर:
आजोबांशी निम्मा सहमत. हात तयार हवाच, पण एक वर्ष थांबायचं तर अर्जाच्या तयारीत थांबा. पोर्टफोलिओत मोबाइलचं रेकॉर्डिंग चालणार नाही. निवड करणारे हेडफोन लावून पहिली दोन मिनिटं ऐकतात आणि तिथेच मत बनतं. साधा हँडी रेकॉर्डर भाड्यानं घ्या, एमपी३ नको, त्यात आवाजाचे बारकावे जातात; वेव्ह फाइल ठेवा. आणि तबला लगेच सुरू करू नका. आधी नुसते माग ऐकू द्या.

मागाची_लय:
सगळ्यांचे मनापासून आभार. गीता साराभाईंचं नाव मी कधीच ऐकलं नव्हतं, आणि मी तबला वाजवणारी मुलगी आहे! गुरुजींशी बोलले. ते म्हणाले, आधी मला त्या कारखान्यात घेऊन चल.

सुट्टीच्या दिवशी माग बंद असतात. काका म्हणालेत, त्या दिवशी फक्त तुझ्यासाठी एकेक करून चार माग सुरू करतो. पहिला माग एकटा चालू असताना पाच मिनिटं, मग दुसरा. रेकॉर्डर कोल्हापुरात भाड्यानं कुठे मिळेल?

रंगपट:
लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्यांकडे विचारा, त्यांच्याकडे असतो. दोन दिवसांसाठी सांगा, पहिला दिवस चाचणीतच जातो.