१८७० ला मताधिकार, मग १९६५ चा मतदान हक्क कायदा कशाला?

प्रश्न: १५ व्या घटनादुरुस्तीने वंशावरून मत नाकारायला १८७० मध्येच बंदी घातली होती. तरी अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांना पुढे इतकी वर्षं मतदार यादीबाहेर कसं ठेवलं? कोर्टात टिकलं कसं?

उत्तर १: कायद्यात वंशाचा उल्लेखच करायचा नाही, ही खरी मेख. त्याच आधारावर सुप्रीम कोर्टाने १८९८ मध्ये मिसिसिपीचे नियम उचलून धरले. तिथे नाव नोंदवायला परीक्षा म्हणून त्या राज्याच्या घटनेतल्या कलमाचा अर्थ सांगावा लागे. कलम कोणतं आणि उत्तर बरोबर की चूक, दोन्ही नोंदणी अधिकारी ठरवणार! अलाबामात १९०१ पासून वर्षाला दीड डॉलर पोल टॅक्स, म्हणजे मत देण्यासाठी भरायचा कर. थकला की साचत जाई, कमाल ३६ डॉलर. वाट्याने शेती करणाऱ्याच्या हाती एवढी रोकड कुठली?

उत्तर २: परीक्षेपर्यंत पोचणंही अवघड. अलाबामातल्या सेल्मा शहरात नोंदणी महिन्यातून दोनच दिवस चाले. लांब रांग आणि मुद्दाम संथ काम, दिवस संपला की घरी जा.

उत्तर ३: पोल टॅक्सबाबत एक भर. २४ वी घटनादुरुस्ती (१९६४) फक्त केंद्रीय निवडणुकांपुरती; राज्यांतला कर कोर्टाने १९६६ मध्ये रद्द केला. १९६५ च्या कायद्याने परीक्षा थांबवल्या, शिवाय ठरावीक राज्यांना निवडणुकीचा कुठलाही नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी सक्तीची केली.

प्रश्नकर्ता: ही सक्ती अजून आहे?

उत्तर ३: सक्ती करणारं त्या कायद्याचं कलम ५ कागदावर आहे. पण कोणती राज्यं त्यात येतात हे ठरवणारं कलम ४ चं सूत्र कोर्टाने २०१३ मध्ये रद्द केलं, त्यामुळे ते लावायचं कुणाला?