दोन मॉनिटर आणि लिनक्स: तुमचं सेटिंग टिकतं का?

घोडबंदरकर

मंडळी, मानपाड्याला वीज गेली की घरचे फ्रिजची काळजी करतात, मी मॉनिटरची. लिनक्स मिंट, त्यावर सिनेमन (खिडक्या, मेनू सांभाळणारं डेस्कटॉप), मशीन साधा पीसी, शेजारी शेजारी दोन मॉनिटर. डिस्प्ले सेटिंगमध्ये दुसऱ्याचा चौकोन ओढून उजवीकडे ठेवतो, अप्लाय करतो, दिवस सुखात जातो. मशीन पुन्हा सुरू केलं की मॉनिटर टेबलावर उजवीकडे आणि लिनक्सच्या लेखी डावीकडे. माउस उजवीकडे न्यावा तर काठाला अडतो. गंमत म्हणजे लॉगिन केल्यावर दोन-तीन सेकंद सगळं बरोबर दिसतं, मग टुणकन उडी.

कुणाकुणाला असं झालंय? काय केलंत, सविस्तर लिहा. ‘विंडोज टाक’ हा सल्ला घरात रोज मिळतो, तो सोडून.

ऐरोलीकर

माझं डेस्कटॉप एक्सएफसीई. सुरुवातीला एक्सरँडआरची (मॉनिटरची मांडणी बदलणारी कमांड) ओळ टर्मिनलमध्ये चिकटवायचो. ती ओळ चालू असलेल्या एक्स सर्व्हरला (स्क्रीनवर चित्र काढणारा प्रोग्राम) सांगते, पण कुठे लिहून ठेवत नाही, म्हणून लॉगआउट केलं की पाटी कोरी. हे कळायला मला अख्खा पावसाळा लागला.

मग तेच काम माउसने करणारं अरँडआर सापडलं. चौकोन ओढा, सेव्ह करा, होम फोल्डरमधल्या ‘स्क्रीनलेआउट’ नावाच्या लपलेल्या फोल्डरात स्क्रिप्ट तयार. ती स्टार्टअपला लावली. तर डेस्कटॉप स्वतःचं सेटिंग आधी लावणार, मागून माझी स्क्रिप्ट येऊन ते मोडणार. स्क्रीन तीनदा लुकलुकायची. शेवटी स्क्रिप्ट काढली. २०१९ च्या ४.१४ आवृत्तीपासून एक्सएफसीईच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबवर प्रोफाइल सेव्ह करता येतं. तेव्हापासून शांतता.

घोडबंदरकर, तुमच्या त्या ‘टुणकन उडी’वरून मला शंका येतेय. स्टार्टअपला काही लावलंय का, बघा बरं.

कोपरखैरणेकर

माझं लिनक्स उबुंटू २२.०४, डेस्कटॉप ग्नोम. माझा दुसरा मॉनिटर कोड वाचायला उभा ठेवलाय. लॉगिननंतर सगळं ठीक, पण लॉगिन स्क्रीनवर पासवर्डची चौकट आडवी पडलेली. सहा महिने मान वाकडी करून पासवर्ड टाकत होतो. आईला वाटलं मानेचं दुखणं आहे, तिने शेकायची पिशवी आणून दिली.

कारण साधं निघालं. ग्नोम तुमची मांडणी होममधल्या कॉन्फिग फोल्डरात ‘मॉनिटर्स डॉट एक्सएमएल’मध्ये ठेवतं. लॉगिन स्क्रीन म्हणजे जीडीएम, तो वेगळा युजर. तो तुमच्या होममध्ये कशाला डोकावेल? तीच फाइल ‘व्हार लिब जीडीएम३’च्या कॉन्फिग फोल्डरात कॉपी केली, मालकी जीडीएमच्या नावे केली, झालं. मांडणी बदलली की पुन्हा कॉपी करावी लागते, एवढं ध्यानात ठेवा.

आणि वेलँडवर (एक्स सर्व्हरच्या जागी आलेली नवी पद्धत) असाल तर ऐरोलीकरांच्या एक्सरँडआरच्या वाटेला जाऊ नका. तिथे ते मांडणी बदलू शकत नाही.

सानपाडेकर

माझं प्रकरण जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

महाप्याला ऑफिस, आठवड्यातले दोन दिवस घरून. घरी मोठा मॉनिटर एकच, तो ऑफिसचा लॅपटॉप आणि स्वतःचा डेस्कटॉप यांच्यात वाटून घ्यायला स्वस्तातला केव्हीएम स्विच आणला. बटण दाबून लॅपटॉपवर गेलो की डेस्कटॉपला वाटायचं मॉनिटर उपटला. सगळ्या खिडक्या दुसऱ्या छोट्या स्क्रीनवर गोळा. परत आलो की मॉनिटर अनोळखी, रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८. मी आधी डेस्कटॉपला शिव्या घातल्या, डिस्ट्रो म्हणजे लिनक्सचा प्रकारच बदलला, तरी तेच.

मुळाशी होतं ईडीआयडी. मॉनिटर केबलमधून आपली ओळख सांगतो: कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, चालणारी रिझोल्यूशन्स. ग्नोम, केडीई ही डेस्कटॉप, ऑटोरँडआर हे मांडणी आपोआप लावणारं साधन, सगळे त्या ओळखीवरून जुनी मांडणी शोधून लावतात. माझा स्विच ती ओळख पुढे पाठवतच नव्हता. सेटिंग फाइलमध्ये अगदी शाबूत होतं, फक्त ते कुणाला लावायचं हे लिनक्सला कळत नव्हतं.

उपाय: मॉनिटर थेट जोडला, ‘सिस क्लास डीआरएम’खाली त्या पोर्टच्या फोल्डरात ‘ईडीआयडी’ नावाची फाइल असते ती उतरवून घेतली, फर्मवेअर फोल्डरात ठेवली आणि ग्रबमधून (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला सांगितलं, या पोर्टसाठी हीच ओळख धर. पोर्ट कायम जोडलेलंच समज, हेही. पहिल्या खेपेला चाललं नाही, कारण ती फाइल इनिटरॅमएफएसमध्ये (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी लोड होणारं गाठोडं) घातली नव्हती. दुसऱ्या खेपेला लागलं.

लॅपटॉपवर मात्र ऑटोरँडआर वापरतो. ‘घर’ आणि ‘ऑफिस’ अशी दोन प्रोफाइलं, केबल लावली की आपोआप ओळखतं.

खारघरकर

थोडक्यात: एक्सऑर्गच्या, म्हणजे एक्स सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘एचडीएमआय-१’ लिहिलं होतं. एनव्हिडियाचा ग्राफिक्स ड्रायव्हर टाकल्यावर तेच पोर्ट ‘एचडीएमआय-०’ झालं. एका आकड्यासाठी रविवार गेला.

नेरूळकर

मी मशीन स्टेशनजवळच्या दुकानात घेऊन गेलो होतो. “लिनक्स आहे ना, मग असंच होणार” म्हणाला आणि २०० रुपये घेतले. घरी येऊन केबल बदलली. केबलच सैल होती.

घोडबंदरकर

ऐरोलीकर, पेढे कुठे पाठवू? स्टार्टअप ॲप्लिकेशन्समध्ये अरँडआरची स्क्रिप्ट सापडली. मीच लावलेली, आम्ही कोपरीला राहत होतो तेव्हाची. तिथे टेबल खिडकीच्या दुसऱ्या अंगाला होतं, मॉनिटर खरोखरच डावीकडे होता. सिनेमन बिचारं रोज बरोबर लावत होतं आणि माझीच स्क्रिप्ट मागून येऊन ते बिघडवत होती. टिक काढली, तीनदा रिस्टार्ट केलं, मॉनिटर जागच्या जागी.

लॉगिन स्क्रीन अजून चुकीच्या मॉनिटरवर येते. माझ्याकडे जीडीएम नाही, लाइटडीएम आहे. त्याच्या कॉन्फिगमध्ये ‘डिस्प्ले सेटअप स्क्रिप्ट’ अशी ओळ असते म्हणे. कुणी लावली आहे का?